टेका न घेता

"आता पाठ भिंतीला लावा," निशा मॅडम म्हणाल्या. "डोकं, पाठ आणि कंबर, तिन्ही लागली पाहिजेत. मग हात वर करा."

रूपा स्टुलावर बसली होती. उस्मानपुऱ्यातल्या त्या तळमजल्यावरच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ती हिवाळ्यापासून येत होती, पण असं स्टुलावर बसून हात वर करायला आज पहिल्यांदाच सांगितलं होतं. तिला त्यात अवघड काही वाटलं नाही. घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर ती रोज बोटांनी चढत जायची आणि जिथवर बोटं पोचतील तिथं डाव्या हातानं पेन्सिलची रेघ ओढायची. कालची रेघ मसाल्याच्या डब्यांच्या फळीच्याही वर गेली होती. तेच सांगायला ती आज लवकर आली होती.

तिनं उजवा हात उचलला. अंगठा वर ठेवून, समोरून, जसा शिकवला होता तसा. हात खांद्याच्या पातळीला आला, जरासा वर गेला आणि थांबला. तिनं जोर लावला तशी पाठ भिंतीपासून सुटायला लागली.

"पाठ," मॅडम म्हणाल्या.

पाठ पुन्हा टेकवली तसा हात खाली आला.

"घरी याच्यापेक्षा लई वर जातो," रूपा म्हणाली. "खोटं नाय सांगत मॅडम. रेघा मारल्यात मी."

"कुठं उभ्या राहता?"

"ओट्याच्या बाजूला. तेवढीच भिंत मोकळी हाय घरात."

"मग तशाच उभ्या राहून दाखवा. हा पलंग म्हणजे तुमचा ओटा."

रूपा पलंगाशेजारी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बोटं भिंतीवर चढू लागली. खांदा, गळा, कान, डोकं, आणि डोक्याच्याही वर. ती वळून हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कोपऱ्यातला चाकांचा उभा आरसा ढकलत आणला आणि तिच्या बाजूला लावला.

आरशात रूपाला एक वाकडी बाई दिसली. डावी कंबर पलंगाच्या कडेला टेकलेली, पाय फाकलेले, सगळं अंग डावीकडे कललेलं आणि उजवा खांदा कानाला चिकटलेला.

"हात किती वर गेलाय?" मॅडमनी विचारलं.

रूपानं आरशातल्या आपल्या बोटांकडे पाहिलं.

"हात नाही, अंग वर गेलंय. सांध्यातली हालचाल मघाशी बसून दिसली तेवढीच आहे. बाकीचं काम पाठ करते आणि कंबर करते. पलंग बाजूला केला तर हात पुन्हा तिथंच."

"मंग रेघा?"

"रेघा खऱ्या आहेत. त्या उंची सांगतात. ती कशानं गाठली ते सांगत नाहीत." त्या जरा थांबल्या. "असं कंबर टेकून उभं राहायला कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी नाय. मी अशीच उभी राहते." मग तिच्याच लक्षात आलं. "गाडीत."

रूपा एसटीत वाहक होती, शहरातून पाचोडला जाणाऱ्या गाडीवर. चालत्या गाडीत डाव्या हातात तिकिटाचं मशीन असतं. उजव्या हातानं पैसे घ्यायचे, सुटे परत करायचे आणि छताला लागून गेलेली घंटीची दोरी ओढायची. धरायला हात उरत नाही. म्हणून कंबर सीटच्या दांडीला लावायची आणि अंगाचा भार तिच्यावर सोडून द्यायचा. नव्या पोरींना ते लवकर जमत नाही, दर वळणाला त्या कुणाच्या तरी मांडीवर जाऊन बसतात. रूपाच्या अंगात ते इतकं मुरलं होतं की लग्नात वाढायला उभी राहिली तरी ती मांडवाचा खांब शोधायची.

हात मोडला तेव्हा मात्र ती दोन सीटच्या मधून चालत होती. आडूळच्या पुढं एक बैल रस्त्यात आला, चालक गोकुळनं ब्रेक मारला, बैल वाचला आणि रूपा सीटच्या लोखंडी कोपऱ्यावर आपटली. दंडाचं हाड खांद्याच्या जरा खाली मोडलं. तुकडे जागचे हलले नव्हते. हाडाच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून बराच वेळ पाहिला आणि ऑपरेशन नको म्हणाले. "हाड आपलं आपण जुळेल. हात आपला आपण वर जाणार नाही. ते तुम्हाला करावं लागेल." हात गळ्यातल्या झोळीत गेला. ती बसल्या बसल्याच झोपायची, उशांच्या ढिगाला टेकून. मग झोळीतून काढून, पुढं वाकून, तो घंटेच्या लोलकासारखा हलवायचा. मग काठी दोन्ही हातांत धरून, मग कप्पीवरच्या दोरानं, मग भिंत.

हाड जुळलं. आगारानं तिला तोवर हलकं काम दिलं होतं, पासाच्या अर्जांवर शिक्के मारायचं. महिनाअखेरीला वैद्यकीय तपासणी होती. तीत पास झाली तर गाडी, नाहीतर कार्यालयातली नेमणूक कायमची. आगारात सगळे म्हणायचे, बाई नशीबवान, पंख्याखाली बसायला मिळालं. रूपा ऐकून घ्यायची. लहानपणी पाचोडच्या शाळेत ती इतकं कमी बोलायची की गुरुजींनी एकदा तिच्या आईला बोलावून विचारलं होतं, पोरीला ऐकू येतं ना? तिचा आवाज गाडीत फुटला. "पुढं सरका", "पाय आत घ्या", "ओ मामा, बिडी विझवा". तिनं दोरी ओढल्याशिवाय चाक हलत नाही हे सगळ्या गाडीला माहीत असायचं. खिडकीमागं बसल्यावर लोक तिच्याकडे बघत नव्हते, शिक्क्याकडे बघत होते.

तिला गाडी हवी होती. आणि आरशातली ती बाई बघेपर्यंत गाडी मिळणारच असं ती धरून चालली होती.

*

संध्याकाळी गोकुळ घरी आला. बैलाच्या त्या दिवसापासून तो आठवड्यातून एकदा यायचाच. येताना कधी मोसंबी, कधी कोथिंबिरीची जुडी.

"रूपाताई, हात काय म्हणतो?"

"काय म्हणणार? भिंतीवर चढतो, स्टुलावर बसत नाय."

तिनं सगळं सांगितलं. ओट्याशी उभं राहून दाखवलंही. गोकुळनं चहाचा कप गुडघ्यावर ठेवून नीट पाहिलं.

"मंग अडचण काय हाय? तपासणीला डॉक्टर काय शिडी लावून बघणार? 'हात वर करा' म्हणतील. डॉक्टरच्या खोलीत टेबल असतंच. टेबलाला लागून उभं राहायचं, करायचा हात वर, घ्यायचा कागद, यायचं गाडीवर. दोन मिनिटांचा खेळ."

"आणि गाडीत?"

"गाडीत बी तू टेकूनच उभी राहते की. सीटा कुठं पळून चालल्यात?"

रूपाची आई, आवडाबाई, आतून म्हणाली, "त्याचं ऐक. नाहीतर बस हापिसात गुमान. म्या तर म्हणते हापिसच बरं. हात मोडून घेतला एवढा पुरे झाला नाय का?"

हात मोडल्यापासून आवडाबाई पाचोडहून लेकीकडे येऊन राहिली होती. रूपाचा नवरा अतुल वाळूजला कंपनीत होता, शिफ्टमधून आला की झोपायचा. घर आवडाबाईनंच हातात घेतलं होतं. रूपाची वेणी ती घालायची, पदराला पिन ती लावायची, ताटात भाकरीचा तुकडा मोडून तीच द्यायची. रूपानं उजव्या हातानं तांब्या उचलला की आतून आवाज यायचा, "ठिव. ठिव तो."

गोकुळचं बोलणं रूपाला पटलं. रात्रीपर्यंत ते तिला इतकं पटलं की तिला मॅडमचा थोडा राग आला. सरळ उभं राहून दोरी ओढणारा वाहक कुणी पाहिलाय का?

*

पाचोडच्या बाजाराच्या दिवशी आवडाबाईला गावाकडं जायचं होतं. बहिणीच्या घरी दोन दिवस राहून येते म्हणाली. रूपाला सुट्टी होती. ती म्हणाली, मीही येते. मनात होतं ते तिनं आईला सांगितलं नाही. तिला गोकुळच्या गाडीत चढून, गर्दीत उभं राहून, एकदा दोरीला हात लावून बघायचा होता.

तिच्या जागी आता सोनिया होती. नवीन पोरगी, आवाज बारीक, पण मशीन झरझर चालवणारी. तिनं रूपाला पाहून सीट द्यायला एकाला उठवायला घेतलं.

"राहू दे. आईला दे. मी उभीच राहते," रूपा म्हणाली.

गाडी भरली. आडूळला आणखी भरली. पाठीवर दुकान घेऊन बाजाराला निघालेले लोक, लसणाच्या गोण्या, कोंबडीची पाटी, एक शिवणयंत्राचं चाक. रूपा मधल्या वाटेत होती. दोन्ही बाजूंच्या सीटांच्या दांड्यांना आधीच कुणी ना कुणी चिकटलेलं होतं. तिची कंबर एका गोणीला लागत होती, आणि गोणी दर खड्ड्याला सरकत होती. डाव्या हातानं तिनं वरचा दांडा धरला. दोरी उजव्या बाजूला होती, तिच्या डोक्याच्या किंचित पुढं. हात झोळीत होता तेव्हाही ही दोरी तिला इतकी लांब वाटली नव्हती.

पाचोडच्या अलीकडच्या फाट्यावर गाडी थांबली. चार-पाच माणसं उतरली, दोघं चढली. "झालं का?" सोनियानं ओरडून विचारलं. "झालं, झालं," दाराजवळचे म्हणाले. सोनियानं दोन घंट्या दिल्या. गाडी हलली.

तेवढ्यात आवडाबाई खिडकीतून बाहेर बघत उठली. "आरं, ही सत्यभामा न्हवं का? आगं सत्यभामे!" रस्त्याकडेला तिची बहीण डोक्यावर पाटी घेऊन उभी होती. आवडाबाईनं पिशवी उचलली आणि लोकांच्या मधून दाराकडं घुसली. ती नेहमीच अशी उतरायची. गाडी चालू असली तरी माणसं हाक मारली की थांबतात, अशी तिची आयुष्यभराची समजूत.

"आये, थांब," रूपा म्हणाली. गाडीच्या आवाजात ते कुणाला ऐकू आलं नाही. सोनिया पुढच्या टोकाला दोघांची तिकिटं काढत होती, तिच्या आणि दाराच्या मध्ये लोकांची भिंत. आवडाबाईनं दारातला दांडा धरला आणि एक पाय खालच्या पायरीवर ठेवला. गाडी दुसऱ्या गिअरला जात होती.

गाडी थांबवायला एक घंटी पुरेशी होती. दोरी रूपाच्या समोर होती. तिनं हात उचलला. खांद्याच्या वर, हनुवटीच्या वर, आणि हात तिथं अडकला. टेकायला काही नव्हतं. तिनं अंग कलवायचा प्रयत्न केला तशी गोणी सरकली आणि ती डाव्या हातावर लोंबकळली. बोटांच्या टोकांपासून दोरी वीतभर दूर हलत होती.

"घंटी," ती ओरडली. "घंटी द्या कुणीतरी."

मागच्या एका उंच माणसानं काय झालं ते न कळताच हात लांबवून दोरी खेचली. गोकुळनं ब्रेक दाबला. आवडाबाई दांड्याला धरून अर्धी बाहेर फिरली आणि परत आत आली. पिशवी तेवढी खाली पडली.

कुणाला काही झालं नाही. आवडाबाई उतरली, पिशवी झटकली आणि खालून म्हणाली, "आरं हळू थांबवावं की रे गोकुळ. म्हातारं माणूस उतरतंय." लोक हसले. गोकुळनं मागं वळून बघितलं. सोनियाचा चेहरा उतरला होता. रूपानं तिला मान हलवून सांगितलं, तुझं काही चुकलं नाही. चुकलं नव्हतंच. गाडी हलल्यावर उठणारी माणसं दर फेरीला असतात. त्यांच्यासाठीच ती दोरी छतभर नेलेली असते, वाहक जिथं असेल तिथून हाताला यावी म्हणून.

रूपाही उतरली. तिचा उजवा खांदा ठणकत होता. रस्त्याकडेला दोघी बहिणी एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या.

"तू का उतरली?" आवडाबाईनं विचारलं. "बाजारात येणार व्हती ना?"

"तू पडली असती."

"पडले का?"

"दोरी माझ्या समोर व्हती, आये. मला वढता आली नाय. त्या माणसानं वढली म्हणून."

आवडाबाई काहीतरी बोलणार होती. मग तिनं लेकीच्या हाताकडं बघितलं. तो अजून अर्धा उचललेलाच होता, रूपा तो डाव्या हातानं धरून खाली आणत होती.

*

तपासणीच्या खोलीत टेबल होतं, गोकुळ म्हणाला तसंच, आणि अगदी योग्य उंचीचं. रूपा खोलीच्या मधोमध उभी राहिली.

डॉक्टर वयस्क होते. त्यांनी आधी फोटो पाहिला, मग दंड दाबून पाहिला. "हाड छान जुळलंय. करा हात वर."

तिनं केला. निशा मॅडमकडे बसून जितका जायचा, त्याहून थोडा जास्त.

"एवढाच?"

"एवढाच."

"तुमच्या कामाला चालेल एवढा?"

हे ते तिलाच विचारतील असं तिला वाटलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच प्रश्न होता. वाहकाच्या कामाला किती हात लागतो ते त्यांना माहीत नव्हतं, आणि ते माहीत असल्याचा आव त्यांनी आणला नाही. व्हय म्हटलं असतं तर त्यांनी लिहून दिलं असतं.

"नाय चालणार," रूपा म्हणाली. "दोरी इथं असते." तिनं डाव्या हातानं उंची दाखवली.

"डाव्यानं ओढता येत नाही?"

"डाव्यात मशीन असतं. आणि गर्दीत टेकायला जागा मिळेलच असं नाय."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. "मग हलकं काम लिहू का? कायमचं?"

"नाय. अजून एक महिना द्या."

"हाड जुळून बरेच दिवस झालेत. आता राहिलाय तो ताठरपणा. काहींचा सुटतो, काहींचा तेवढाच राहतो. महिन्यानं असाच असला तर?"

"तर लिहा. मी सही करते."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. महिना दिला. बाहेर गोकुळ मोटरसायकलवर बसून वाट बघत होता. तिनं झालं ते सांगितलं.

"टेबल नव्हतं का खोलीत?"

"व्हतं."

"मंग?"

"तुझ्या गाडीतून आई पडली असती गोकुळभाऊ. तू दोन मिनिटांचा खेळ म्हणतो."

गोकुळनं किक मारली. मग बंद केली. "पाचोडची गाडी आता सोनियाला जाईल कायमची. म्हईना कोण थांबतंय?"

"जाऊ दे. दुसऱ्या गाडीला बी दोरी असतीच."

*

निशा मॅडमनी ओट्याची भिंत बंद केली. रेघा पुसायला सांगितल्या नाहीत, पण त्यांच्याकडे बघायचं नाही म्हणाल्या.

आता जमिनीवर उताणं झोपायचं. पाठीखाली फरशी, त्यामुळे पाठीला चोरी करता येत नाही. दोन्ही हातांत काठी धरून ती डोक्याकडे न्यायची. हात कानापर्यंत येईतो डोळ्यांत पाणी यायचं. तिथं थांबायचं, सोडायचं नाही, श्वास चालू ठेवायचा. मग बसून, दाराच्या फटीत अडकवलेला रबरी पट्टा ओढायचा, कोपर अंगाला लावून. मग पंच्याची घडी पाठीमागे दोन्ही हातांत धरून, अंग पुसल्यासारखी वर-खाली.

"दुखणं संध्याकाळपर्यंत ओसरलं तर ते चालतं," मॅडमनी सांगितलं होतं. "रात्री दुखण्यानं जाग आली तर आदल्या दिवशी जास्त झालंय असं समजायचं."

रूपानं पहिल्या आठवड्यात ते ऐकलं नाही. महिना छोटा होता. शिक्के मारून घरी आली की ती फरशीवर पडायची आणि झोपेपर्यंत काठी सोडायची नाही. खांदा सुजला, गरम झाला, हात आधीपेक्षा खाली आला. मॅडमनी तो दोन बोटांनी दाबून पाहिला.

"किती वेळा केलं?"

रूपानं सांगितलं.

"मी किती सांगितलं होतं?"

"महिनाच हाय हातात."

"त्यातले चार दिवस तुम्ही आत्ता घालवले. आता बर्फ, वाकून झोके, आणि काठीला हात लावायचा नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. "स्नायूला तुमची तारीख माहीत नसते. त्याला किती ताण पडला आणि किती विश्रांती मिळाली एवढंच कळतं. घाई करायची असेल तर वेळेवर थांबून करा."

चार दिवस थांबणं हे रूपाला काठीपेक्षा जड गेलं. पण ती थांबली, आणि नंतर सांगितलं तेवढंच करू लागली, न चुकता.

आवडाबाई पाचोडहून परत आली होती ती वेगळीच होऊन. सकाळी रूपा फणी घेऊन तिच्यापुढं बसली तर तिनं फणी परत दिली.

"तुझी वेणी तू घाल."

"हात मागं जात नाय."

"म्हणूनच म्हणते."

रूपानं वेणी घातली. मध्ये दोनदा हात खाली घेऊन विसावा घ्यावा लागला. आवडाबाई समोर बसून लसूण सोलत होती. बघत होती, पण उठली नाही.

"वाकडी आली," रूपा म्हणाली.

"येऊ दे. हापिसात कोण बघतंय? गाडीवर जाशील तवा सरळ घाल."

मग तांब्या, कपडे वाळत घालणं, वरच्या फळीवरचा पिठाचा डबा. ओट्यापासून दूर, खोलीच्या मधोमध दोरी बांधली होती, तिच्यावर ओले कपडे. रूपानं कंबर टेकायला काही शोधलं की आवडाबाई लसणाची साल फेकून मारायची. "सरळ."

एप्रिलात जयंती आली. दरवर्षी ती क्रांती चौकात मिरवणुकीला जायची. यंदा गर्दीत हाताला धक्का नको म्हणून मागं कडेला उभी राहिली. ढोल, निळे झेंडे, घोषणा. सगळ्यांबरोबर तिचाही हात वर गेला, आणि मग खांद्यातून कळ आली तेव्हा तिला कळलं की गेला होता. दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं.

"किती वर?"

"मोजला नाय. जयभीम म्हणायला गेला तेवढा."

मॅडम पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या. मग तिला स्टुलावर बसवून त्यांनी तो मोजला. अजून पूर्ण नव्हता. बहुतेक कधीच पूर्ण होणार नाही, शेवटचा थोडा भाग राहूनच जाईल, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. "पण तुम्हाला आकाशाला लावायचा नाहीये."

*

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी तिला ओळखलं. तिनं खोलीच्या मधोमध उभं राहून, पाय जुळवून हात वर केला. त्यांनी सांगण्याआधी तो तिथंच धरून ठेवला.

"आता चालेल?"

"चालेल."

"किती वेळ धरणार आहात? करा खाली," म्हणाले, आणि सही केली.

पाचोडची गाडी सोनियाकडेच राहिली. रूपाला देवगाव रंगारीची फेरी मिळाली, सकाळची. चालक कडुबा म्हणून होता, निवृत्तीला आलेला, कमी बोलणारा. त्यानं पहिल्या दिवशी तिला वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "बेल नीट देता ना? मला आरशात बघायची सवय नाय, कानावर चालवतो."

"देते."

गाडी जुनी होती आणि दोरी कडक. पहिली घंटी तिनं मध्यवर्ती बसस्थानकाच्या फाटकातच दिली, मधल्या वाटेत, दोन्ही पायांवर उभं राहून. वाजली. त्यानंतर तिला मोजायला सवड झाली नाही. एक माणूस बकरीचं अर्धं तिकीट मागत होता आणि बकरी रूपाचा पदर खात होती.

देवगावला गाडी थोडा वेळ थांबते. कडुबा चहाला गेला. लोक उतरले, चढणारे अजून आले नव्हते. खांदा जड झाला होता, सकाळभरात किती वेळा वर गेला होता कुणास ठाऊक. मॅडमनी सांगितलं होतं, दिवसातून दोनदा ताण द्यायचा, कामावर असलात तरी. कुठं, ते सांगितलं नव्हतं. रूपा खाली उतरली, गाडीच्या सावलीच्या बाजूला गेली आणि डोकं, पाठ, कंबर पत्र्याला लावली. हात समोरून वर नेला आणि वरच धरला. मनात आकडे मोजायला लागली.

रस्त्यावरून एक काळी-पिवळी जीप जोरात चालली होती. ती पुढं जाऊन करकचून थांबली आणि मागं मागं येऊन रूपाच्या समोर उभी राहिली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

"बोला बाई, कन्नडला? लगेच निघतोय."

रूपानं हात खाली घेतला नाही. आकडे अजून संपले नव्हते.

"जा भाऊ," ती म्हणाली. "मला कुठं जायचं नाय."

"मंग हात कशाला केला?"

"व्यायाम हाय."

ड्रायव्हरनं एसटीकडे पाहिलं, तिच्या खाकी कपड्यांकडे पाहिलं, वर तिच्या हाताकडे पाहिलं. "रस्त्यावर?" म्हणाला, आणि जीप निघून गेली. कडुबा चहाचे दोन ग्लास घेऊन येत होता. एक तिच्यासमोर धरून तो थांबला.

"झालं का?"

"थोडं राह्यलंय," रूपा म्हणाली.